बिबट्यानं ऐकलेली रेकॉर्ड

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण या रेकॉर्डनं माझा जीव वाचवलाय!"

भंगारवाला तराजू घेऊन दारात उभा होता, म्हणून क्लेमेंटनं सिनेमाच्या संगीताची ती रेकॉर्ड छातीशी घट्ट धरली. त्याच्या बायकोला, कॉन्सेप्टाला, ती रडकी वाटायची. सिनेमा कधीच पडला होता, पण त्यातल्या चेलोचे, त्या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याचे, खोल सूर ऐकताना क्लेमेंटला अजूनही मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं.

"आरेच्या जंगलात बिबट्या समोर आला. मी थरथरत ही लावली. चेलो सुरू झाला, तसा तो जवळ आला, अजून जवळ... आणि पायाशी बसून डोळे पुसायला लागला!"

भंगारवाल्यानं तराजू खाली ठेवला. क्लेमेंटनं श्वास रोखून बायकोकडे पाहिलं.

"आणि जंगलात प्लग कुठे लावलास रे?" कॉन्सेप्टानं विचारलं.