आकडा चढेना

बीपीची गोळी सुरू झाली आणि मनगटावरचं घड्याळ माझ्याशी वैर धरून बसलं. पांढुर्ण्याच्या शाळेच्या मैदानावर मी घामाघूम होऊन चालायची, तरी नाडीचा आकडा शंभरी गाठेना. सोबतची रजनी मात्र रोज सव्वाशे करून दाखवायची. "जयश्री, तू तं नुसती टहलून राहिली," म्हणायची. आयुष्यभर पोरींना कबड्डी शिकवली मी! अंगाची आग व्हायची.

चतुर्थीला मी गोळी घेत नसे. उपासाला औषध कशाला, असं आमच्याकडे चालतंच. परवाच्या चतुर्थीला आकडा थेट दीडशेवर गेला. मी खूश झाले आणि आणखी जोर लावला. मग छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मैदानातच मटकन बसले.

घरी यजमानांनी, दत्तात्रयांनी, माझे बूट माळ्यावर टाकले. "झालं तुझं फिरणं. आता घरात बस."

डॉक्टर वंदनाताईंनी माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं, तपासण्या केल्या आणि मला झापलं. "ही गोळी नाडीला आवरून धरते. तुम्ही कितीही जोर लावा, आकडा रजनीसारखा चढणार नाही. अन् मधेच गोळी सोडली की नाडी उधळते. उपास असो नाही तर काही, गोळी चुकवायची नाही. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये, एवढंच चाला. चक्कर आली, छातीत दुखलं तर थांबा."

"म्हणजे चालू?"

"चालाच."

यजमानांना ते पटलं नाही. मी स्टुलावर चढले, बूट काढले आणि घड्याळ कपाटात ठेवून मैदान गाठलं. हे मागोमाग आले आणि माझ्या बरोबरीनं चालत बोलू लागले.

"घरी चाल! तुले काही झालं तं मी काय करू?"

एवढं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जीव तुटला, पण पाय थांबवले नाहीत.

"काही होऊ नये म्हणूनच चालून राहिली मी. गोळी घेतली आहे, चक्कर नाही, छाती दुखत नाही, अन् तुमच्याशी भांडायला दमही पुरून राहिला. घरात बसून म्हातारी व्हायची नाही मला, सांगून ठेवते!"

यांचा दम मात्र पुरला नाही. धापा टाकत ते कट्ट्यावर टेकले.

"उद्या तुम्हीही बूट घालून या," मी म्हणाले आणि पुढची फेरी धरली.