पहिला डबा

माझी जाऊ वाईट नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, काय कजाग बाई आहे ही! ती वरच्या मजल्यावर, आम्ही खाली, मधे एक जिना. गच्चीवर छत्री एकच, फुकटच्या चॅनेलांची, आणि दोन्ही घरांत टीव्हीला जोडलेला एकेक डबा. एकदा बसवलं की दरमहा काही भरायची भानगड नाही. जे चॅनेल उघडे सोडलेत ते दिसतात, ज्यांना कुलूप आहे त्यांचा नुसता नंबर येतो आणि काळा पडदा. बातम्या, गाणी, जुने सिनेमे, शिवाय कुठल्या कुठल्या देशांची माणसं तावातावानं बोलत असतात, काय ते त्यांचं त्यांना ठाऊक. माझी काही तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली पोरीवरून. एकुलती एक लेक माझी. बारावी झाली, पुढच्या शिक्षणाला हॉस्टेलवर जाणार. जायला उरले पंधरा-सोळा दिवस, आणि ही बया रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला वर! "काकूकडे जाते गं," एवढं म्हणायचं आणि धाडधाड जिना चढायचा. खाली यायची ती थेट जेवायला. मी शिवणकाम करते. दिवसभर शाळांचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. संध्याकाळी हात जरा मोकळे होतात. म्हटलं, दोन घटका पोरगी जवळ बसेल, काही बोलेल. कसलं काय!

बरं, ती वर गेली की माझा टीव्हीही लंगडा व्हायचा. निम्मे चॅनेल गायब, पडद्यावर 'सिग्नल नाही'. जुन्या सिनेमांचा एक चॅनेल मी लावते, तो पहिला जायचा. उरायचा कोण, तर गाण्यांचा चॅनेल आणि त्याचे भाऊबंद. आणि छतातून वरचीच गाणी ऐकू यायची, ठणाणा. म्हणजे लेक तिच्याकडे, हसणं-खिदळणं तिच्याकडे, आणि माझ्या टीव्हीवर काय दिसावं हेही तिनंच ठरवायचं? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मी छत्रीवाल्याला बोलावलं. छत्र्या बसवण्यात त्याचा जन्म गेलाय. त्यानं दोन्ही घरांच्या वायरी बघितल्या आणि म्हणाला, "मावशी, बिघाड काही नाही. छत्रीच्या तोंडातून एकच वायर निघते. ती आधी वरच्या डब्यात जाते, त्यातून पुढे तुमच्याकडे. चॅनेल असतात दोन गटांचे, उभे आणि आडवे. एका वायरीतून एका वेळी एकच गट येतो. पहिला डबा ज्या गटाचं मागेल, दुसऱ्याला तेवढंच."

उभं-आडवं मला काय सांगतो? कापडाचा उभा धागा कुठला आणि आडवा कुठला, हे मी डोळे मिटून बोटांनी सांगते. मला लगेच कळलं. म्हणजे पहिला डबा जावेचा होता.

"आणि पहिला डबा बंद असला तर?"

"मग दुसरा मोकळा. त्याला सगळं दिसतं. फक्त बंद रिमोटनं करायचा. प्लग काढलात तर पुढे काहीच जाणार नाही." मग म्हणाला, "त्यापेक्षा छत्रीला दोन तोंडांचा भाग बसवू, दोन वायरी सोडू. दोघी आपापलं बघा, कटकटच नको."

शहाण्या बाईनं हो म्हटलं असतं. मी म्हटलं, "नको. तू वायर आधी माझ्याकडे आण. माझ्यातून वर जाऊ दे."

त्यानं माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मी वर जाऊन जावेला सांगितलं की वायर बदलायचीय, तर ती म्हणाली, "बदला की ताई, त्यात विचारायचं काय!" आणि त्याला चहा करून दिला. याचाच मला राग येतो. बाईनं एकदा तरी भांडावं की नाही?

त्या संध्याकाळी सहा वाजता लेक वर गेली. मी मशीनवरचं काम बाजूला सारून रिमोट घेऊन बसले. वर गाणी सुरू झाली. मी एक अख्खं कडवं होऊ दिलं. मग माझा डबा चालू केला आणि जुन्या सिनेमांचा चॅनेल लावला.

वरचं गाणं शब्दाच्या मधेच तुटलं. काय सांगू, असं गार वाटलं काळजाला! आता बसा म्हटलं पडद्याकडे बघत. आता येईल पोरगी खाली, तोंड पाडून. माझ्या टीव्हीचा आवाजही मी बंद केला, वर काय चाललंय ते ऐकायला.

तर वरून आवाज आला, खड खड खड. थांबला. मग पुन्हा खड खड, एक करकर, आणि पुन्हा थांबला.

शिलाई मशीन! तेही कुठलं, तर माझंच. माझं पहिलं पायमशीन. मोटारीचं घेतलं तेव्हा अडगळ म्हणून मी ते वर पाठवलं होतं, आणि जावेनं त्यावर फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या होत्या. ती करकर त्याच्या पायपट्टीची. बारा वर्षं माझ्या पायाखाली होती ती, मी ओळखणार नाही? आणि चालवणाराही नवशिका होता. चाक उलटं फिरत होतं, दोरा अडकत होता, चार टाके पडले की पाय चुकत होता. जावेला तर सुईत दोरा ओवता येत नाही. मग होतं कोण?

चार वर्षांपूर्वी लेक माझ्या मशीनवर बसली होती. अभ्रा शिवत होती, शिवण गेली वाकडी. समोर गिऱ्हाइकं उभी होती, माझी घाईची वेळ. मी तिच्या हातातून कापड ओढलं, "हे काय शिवलंस, पोतं?" म्हटलं आणि टराटरा उसवलं. बायका हसल्या. त्यानंतर तिनं मशीनला हात लावला नाही. मीच सगळ्यांना सांगत फिरले, आमच्या पोरीला शिवणाची आवड नाही म्हणून.

मी जिना चढले. चप्पल खालीच काढली होती. दार अर्धवट उघडं होतं. मशीनचा आवाज थांबला होता, आणि लेक बोलत होती.

"टीव्ही लागू दे काकू, मग शिवते. आईला ऐकू जाईल."

"जाऊ दे की! खरं तर तिलाच विचार ना. ती घरात असताना मी काय शिकवणार तुला, कपाळ? मी तर उसवायलाच बसते तुझ्याबरोबर."

"तेच हवंय. आई चिडेल, मग माझ्या हातातून घेईल आणि पाच मिनिटांत छान शिवून देईल. मग मला काय आलं? तिकडे गेल्यावर काय तिला बोलावू?"

"अगं पण तिला येतं."

"तिला येतं म्हणूनच नको."

दाराच्या फटीतून मला कापड दिसलं. निळी पिशवी होती. मी लांबूनच सांगितलं असतं, खालचा दोरा सैल पडलाय, टाके उद्या सुटतील. एक स्क्रू अर्धा फिरवायचा, बस. माझी बोटं शिवशिवत होती. जावेनं पिशवी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "कालच्यापेक्षा बरी आहे की गं." आणि माझी लेक तिच्याकडे बघून हसली. तसं हसणं मी तिच्या लहानपणी बघितलं होतं.

मी आल्या पावली खाली आले.

खाली येऊन सरळ डब्याच्या प्लगला हात घातला. खोटं कशाला सांगू? ओढला असता की वर अंधार. ना उभं ना आडवं. टीव्ही नाही म्हणजे मशीन नाही, आणि मशीन नाही म्हणजे पोरगी खाली, माझ्याजवळ. हात तसाच होता प्लगवर. मग मी तो काढला, रिमोट उचलला आणि डबा बंद केला.

क्षणभरानं वर गाणं सुरू झालं. जावेनं आवाज चांगला वाढवला. त्यानंतर मला मशीनचं काही ऐकू आलं नाही.

जेवताना लेक म्हणाली, "आई, संध्याकाळी मधेच आमचा टीव्ही गेला होता. तू लावला होतास का?"

"हो. जरा वेळ."

"उद्या लावणार आहेस?"

तिच्या बाहीला निळ्या दोऱ्याचा तुकडा चिकटला होता. एरवी मी तो उचलून फेकला असता.

"नाही," मी म्हटलं. "उद्या कामं आहेत."

जायला तेव्हा आठ दिवस उरले होते. आठही संध्याकाळी मी डबा लावला नाही. जळले मात्र आठही दिवस.