पिंपातलं तेल

ब्रोनी शेडमध्ये आली तेव्हा नव्या पिकअपमधले जुने तेल खालच्या घमेल्यात उतरले होते आणि तिचे वडील क्लेम कोपऱ्यातल्या पिंपातून मापात तेल भरून घेत होते. ट्रॅक्टर, धान्याचा ट्रक, पंप, सगळ्यांना त्याच पिंपातले तेल पडे. ते माप घेऊन वळले, तोच ब्रोनीने इंजिनाच्या तोंडावर तळहात ठेवला.

"हात काढ, पोरी."

"हे तेल हिला नाही चालायचं, बाबा."

"आयुष्यभर हेच घालतोय. माझं एक तरी इंजिन मेलं का?"

"जुनी पिकअप हे तेल चालवून घ्यायची. ती तुम्ही विकलीत."

क्लेमनी दाराबाहेर बोट दाखवले. पश्चिमेला ढग साचत होते. संध्याकाळच्या वादळाआधी कापला नाही तर उभा सातू आडवा होणार होता. आणि आग विझवायला पाण्याची टाकी बसवलेली गाडी शेतात उभी नसेल तर कापणी-मळणीचे यंत्र सुरू करायचे नाही, हा त्या पट्ट्यातला नियम होता. टाकी या पिकअपवरच होती.

"हिच्या धुराड्यात काजळी धरणारी जाळी आहे," ब्रोनी म्हणाली. "काजळी साचली की गाडी जाळी तापवून ती जाळून टाकते. पिंपातल्या तेलाची राख मात्र जळत नाही. जाळी तुंबणार, गाडी घडीघडी तापणार, आणि ती उभी कुठे? वाळक्या धसकटांत. आग विझवायची गाडीच आग लावायची."

"आजचा दिवस निभावू दे. उद्या काढून टाक."

"उद्या तुम्ही म्हणाल, काल काही झालं का?"

क्लेमनी माप पिंपावर ठेवले. आपण नेमके तेच म्हटले असते, हे त्यांना ठाऊक होते.

ब्रोनी ट्रक घेऊन गावात गेली. दुकानदार नेलरने डबा पुढे ठेवला. "हे ने. पिकअपला लागतो तोच जाडीचा आकडा आहे."

तिने डबा फिरवून मागची बारीक अक्षरे वाचली. "जाडी तीच आहे. पण जाळीच्या गाड्यांसाठी आहे असं कुठे लिहिलंय?"

"तुझ्या बापानं कधी डबा उलटा करून पाहिला नाही."

"म्हणून तर मी आलेय," ती म्हणाली आणि पुढच्या शहराकडे निघाली.

ती परतली तेव्हा ऊन कलले होते. क्लेमनी तेलाचा नवा फिल्टर बसवून तळाचा बोल्ट आवळून ठेवला होता. त्यांनी तिने आणलेला डबा हातभर लांब धरून मागची बाजू डोळ्यांसमोर आणली.

"चष्मा घरात राहिलाय. वाच तू."

"जाळीच्या गाड्यांसाठी," तिने वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे तेल ओतले, पट्टी पुसून दोनदा पातळी पाहिली.

"खालच्या रानातलं पीक आज हाती लागत नाही," ते म्हणाले.

"नाही लागत. वरचं तरी आणू."

"आणि सकाळी तू मला ओतू दिलं नाहीस, म्हणून खालचं गेलं, हे सांगशील सगळ्यांना?"

"सांगेन. विचारलं तर."

क्लेम पिकअपमध्ये बसले. ब्रोनी यंत्रावर चढली. वारा सुटला होता. वरच्या रानातली पहिली ओळ तिने ढगांकडे न पाहता धरली.