अडवलेला कावळा

मुरारीला कुणी हसवलं नाही तर तो स्वतःच सोय करून घ्यायचा. कापडे गावाच्या वरच्या अंगाला, धरणाच्या तळ्याकाठी तंबूंचं कॅम्पिंग होतं. राखण त्याच्याकडे, स्वैपाक त्याच्या बायकोकडे, बनुबाईकडे. पावसाळा सरलेला, शाळा चालू, त्यामुळं त्या आठवड्यात गिऱ्हाईक एकच, पुण्याचा राजेश. व्हॅनमध्येच गादी, व्हॅनमध्येच शेगडी.

राजेशची बायको निशिगंधा वर्षापूर्वी गेली. दहाव्याला पिंडाला कावळा शिवलाच नाही. भटजींनी दर्भाचा कावळा करून लावला आणि मंडळी जेवायला गेली. राजेशच्या मनातून मात्र ते जाईना. आता समीक्षाशी दुसरं लग्न ठरलेलं, आणि निशीचा जीव अडकलेला ठेवून बोहल्यावर चढायची त्याची छाती होईना. म्हणून गाडी काढली. वाई, नाशिक, पैठण. पाणी दिसेल तिथं भात मांडायचा. कुठं कावळेच नव्हते, कुठं कुत्र्यांनी आधी ताव मारला. इथं मात्र जांभळीवर कावळ्यांची शाळा भरायची.

हे सगळं त्यानं पहिल्याच दिवशी चहा पिताना मुरारीला सांगितलं. चुकलं तिथंच.

सकाळी राजेशनं केळीच्या पानावर दहीभात ठेवला, हात जोडून मागं सरला. कावळा उतरला, तसा बांधामागून मुरारीच्या गलोलीचा खडा सुटला. कावळा पसार. मुरारीला वाटलं, एकदाच गंमत. पण राजेश पानापुढं बसून बोलायला लागला, "निशी, दारू सोडतो." मुरारीनं तोंडात टॉवेल कोंबला. असली करमणूक टीव्हीवर नाय.

मग रोजचंच झालं. "निशी, तुझ्या भावाची माफी मागतो." खडा. "तुझी शिलाई मशीन कुणाला देणार नाही." खडा. "त्या रात्री हॉस्पिटलात तुला एकटी टाकून मी घरी झोपायला गेलो, ते..." मुरारीनं त्यालाही खडाच दिला.

दुपारी चुलीपुढं नक्कल करून दाखवायचा.

"अवो, मेलेल्या बाईचा घास हाय तो," बनुबाई म्हणाली. "हात झडतील तुमचं."

"घासाला कुठं मारतोय गो? कावळ्याला मारतोय."

आठवडा सरत आला. रविवारी समीक्षा येणार होती. शनिवारी राजेश आपणहून मुरारीकडं आला, डोळे सुजलेले.

"मुरारीभाऊ, तुम्ही इथले. काय राहिलं असेल हो तिचं?"

मुरारीनं डोकं खाजवलं, आभाळाकडं बघितलं, मोठा विचार केल्यासारखं केलं. "सायेब, बायकांचा जीव एकाच ठिकाणी अडकतो. सवतीत."

राजेशनं तळ्यावर जाऊन तोंड धुतलं. मग पानापुढं गेला. "निशी, समीक्षाला नकार देतो. परत लग्न करणार नाही."

बांधामागं जाऊन बसलेल्या मुरारीनं गलोल खाली ठेवली. आता खडा मारला तर सगळ्या मजेची माती. कावळे टपलेलेच होते, एकदम सगळेच पानावर तुटून पडले.

राजेश ओक्साबोक्शी रडला आणि येऊन मुरारीच्या पाया पडला. मुरारीनं तोंड भरून आशीर्वादही दिला. जेवायच्या आत व्हॅन घाटाला लागली, फोन बंद.

रविवारी समीक्षा आली, स्वतः गाडी चालवत. "राजेश कुठंय? फोन लागत नाहीये."

"कालच गेले. कावळा शिवला त्यांचा."

तिनं छातीवर हात ठेवला. "शिवला? बरं झालं हो. किती महिने वणवण चाललीय. कसा शिवला?"

बनुबाई दारातून मान हलवत होती, नको, नको. पण तोंडावर आलेला किस्सा मुरारी गिळणार थोडाच?

"तुमचं नाव घेतलं, आन शिवला," तो म्हणाला, आणि राजेशचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं, राजेशच्याच आवाजात. गलोल तेवढी गाळली.

ती गाडीत जाऊन बसली. वाट अरुंद, एका अंगाला पाणी, तिला गाडी वळवता येईना. मुरारी मागं, पाण्याला पाठ करून उभा राहिला, डिकीवर थापा मारत.

"येऊ द्या ताई, येऊ द्या. अजून येऊ द्या. लय जागा हाय."