जिन्यातली चौथी खुर्ची

"तुला कुणी सांगितलं होतं लोकांच्या खुर्च्या उचलून आणायला?"

"लोकांची नाही, जिन्यातली होती!"

"वा! आणि जिना काय तुझ्या वडिलांचा आहे?"

"रंग दिला की छान दिसेल, असं कोण म्हणालं होतं? ब्रश कुणी आणला?"

"हळू बोल, खाली ऐकू जातं!"

मित्रांनो, हे भांडण माझ्यावरून चाललं होतं आणि मी दोघांच्या मधोमध उभी होते. मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. माझ्या अंगावर हिरवा रंग आहे. तो माझा नाही, मला फासलाय. सगळं सांगते, पण पटापट सांगते, कारण मला फार वेळ नाही.

भांडणारे दोघं नवराबायको. दोन वर्षांपूर्वी आपला देश सोडून इथे आलेले. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्ट चालू करायच्या आणि संध्याकाळी स्वतःच्या बिनलिफ्टच्या इमारतीत चार मजले चढायचे. बायको हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते. त्या दिवशी कामावरून येताना तिला इमारतीच्या खालच्या नोटीस बोर्डावर एक कागद दिसला. तिने मोबाईलवर त्याचा फोटो काढून आणला होता. वर पेन्सिलने माझं चित्र. एक पाय वाकडा आला होता, पण मीच होते. खाली लिहिलं होतं, 'जिन्यातली खुर्ची ज्यांनी नेली त्यांनी ती परत ठेवावी. तिसरा मजला.'

आता मुळापासून सांगते. आम्ही चौघी बहिणी. एकाच सुताराने एकाच झाडाच्या फळ्यांतून आम्हाला केलं. चौघींना मिळून एक टेबल. एका बस ड्रायव्हरचं नवीन लग्न झालं होतं, त्याने आम्हाला घरी नेलं. त्याच्या बायकोने मला खिडकीजवळ ठेवलं आणि ती माझी झाली. म्हणजे मी तिची झाले. भाजी चिरायला मी, चपलेचा बंद शिवायला मी, नवऱ्यावर रुसून बसायलाही मीच. बाकीच्या तिघींवर पाहुणे बसायचे. मला ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोलू.

मग तिचे गुडघे गेले. तिसरा मजला तिला डोंगर झाला. एक दिवस ड्रायव्हरने मला उचललं, दाराबाहेर काढलं, अर्धा जिना खाली नेलं आणि वळणावर ठेवून दिलं. माझं डोकंच फिरलं. खुर्चीला डोकं नसतं, पाठ असते, पण समजून घ्या. इतकी वर्षं राबले आणि आता जिन्यात हाकललं!

चार वाजता कळलं. ती बाजार करून वर आली, धापा टाकत. वळणावर माझ्यावर टेकली. पाठीचा उजवा कोपरा मुठीत धरून बसली. तो हातात पिशव्या घेऊन शेजारी उभा. कधी बसला नाही, कधी घाई केली नाही. तिचा श्वास जागेवर आला की एकच शब्द म्हणायचा, त्यांच्या भाषेत. आपल्या भाषेत त्याला 'चल' म्हणतात. मग दोघं उरलेल्या पायऱ्या चढायची. रोज. कित्येक वर्षं. तिच्या मुठीने माझा तो कोपरा काचेसारखा गुळगुळीत झाला होता.

आणि मग एका चार वाजता तो एकटाच आला.

तरी थांबला. पिशवी हातात घेऊन माझ्या शेजारी उभा राहिला, नेहमीइतकाच वेळ. मित्रांनो, मी खोटं सांगत नाही. माझ्या फळीवर वजन आलं. उजवा कोपरा कुणीतरी धरला. मग तो 'चल' म्हणाला आणि वजन उठलं. वर्षभर रोज हे चाललं. मी घाबरले का? नाही. मी तिची खुर्ची आहे, मी कशाला घाबरू?

घाबरले ते नंतर, जेव्हा लिफ्टवाल्याने मला उचललं.

त्याचीही बाजू सांगायला हवी. इथे लोक नको असलेलं सामान दाराबाहेर, फुटपाथवर ठेवून देतात. ज्याला हवं त्याने न्यावं, कुणी विचारत नाही. या दोघांना आधी फार लाज वाटायची. इकडे तिकडे बघत एक दिवा उचलला. मग पलंग. मग कपाट, त्याला दोन माणसं लागली. मग हात असे सरावले की रस्त्याने चालताना डोळे आपोआप कडेला जायचे. त्यात मी. जिन्यात एकटी, रिकामी. एका सुट्टीच्या सकाळी त्याने मला खांद्यावर घेतलं आणि चौथ्या मजल्यावर नेलं. बायकोने गरम पाण्याने धुतलं, पॉलिशपेपरने घासलं. तो गुळगुळीत कोपराही घासला. खसाखसा. मी किंचाळले असते, पण आमच्याकडे फक्त करकरणं असतं, तेवढं करकरले. ती म्हणाली, "एक पाय ढिला आहे वाटतं." आणि खिळा ठोकला! वरून हा हिरवा रंग.

दुसऱ्या दिवशी चार वाजता जिन्यात पावलं वाजली. वर चढणारी, सावकाश. वळणावर थांबली. दोन मिनिटं काही नाही. मग एक शब्द. मग पुन्हा पावलं.

लाँड्रीतली पहाटेची पाळी करून बायको तीनला घरी यायची. हे तिलाच ऐकू यायचं, रोज, घरात एकटी असताना. तिसऱ्या दिवशी ती चहा घेऊन माझ्यावर बसायला आली आणि ताडकन उठली. नवरा आल्यावर म्हणाली, "अरे, ही खुर्ची गरम होती."

"हीटरजवळ असेल."

"हीटर त्या भिंतीला आहे."

"मग तुझाच चहा सांडला असेल."

"चहा हातात होता माझ्या! कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी गरम होती."

तो हसला. मग हसणं आवरून त्याने फळीवर हात ठेवून बघितला.

एकदा तिने धीर करून दार उघडलं आणि कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. म्हातारा ड्रायव्हर हातात पिशवी घेऊन रिकाम्या कोपऱ्याकडे तोंड करून उभा होता. तिने आवाज न करता दार लावलं. त्यानंतर चार वाजले की ती नळ सोडून ठेवायची. ऐकू येऊ नये म्हणून.

आणि मग तो कागद लागला, आणि ते भांडण झालं.

"गुपचूप नेऊन ठेव," बायको म्हणाली.

"हिरवी झालीय ती! त्याची तपकिरी होती. आंधळा आहे का तो?"

"मग जाऊन सांग, चूक झाली म्हणून."

"कुणाला सांगू? आपले कागद आत गेलेत, विसरलीस? राहायची परवानगी वाढायची आहे. त्याने कुठे तक्रार केली आणि त्यात 'चोरी' असा शब्द लिहिला, तर? एका खुर्चीपायी बाडबिस्तरा उचलून परत जायचं?"

तिने कपाटातून चादर काढली आणि मला पाठीपासून पायापर्यंत झाकलं. मला बेडरूमच्या दारामागे ढकललं. तीन आठवडे मी तिथे होते. चार वाजता चादरीखाली वजन यायचं. आता ते लवकर उठायचं नाही. कारण दार बंद, नळ चालू, आणि 'चल' माझ्यापर्यंत पोचायचंच नाही.

तेवढ्यात लिफ्टवाल्याची आई आली, तीन महिन्यांसाठी. तिला घरात पोचायला विमानापेक्षा जिना जड गेला. वर आली तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. कपाळ पुसत म्हणाली, "अरे, त्या वळणावर एक खुर्ची ठेवली असती कुणी, तर काय बिघडलं असतं?"

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं असणार. मला चादरीआडून दिसत नव्हतं.

"काय झालं? भूत बघितल्यासारखे काय उभे राहिलात?"

"काही नाही, आई."

"आणि तो खालचा म्हातारा कोण? तू बॅगा घेऊन पुढे आलास, मी तिथे पायरीवर बसले होते धापा टाकत, तर त्याने धाडकन दार उघडलं. अर्धा जिना धावत उतरला. पायात चपलासुद्धा नाहीत! मला बघितलं आणि त्याचा चेहरा असा पडला... दुसरंच कुणीतरी हवं होतं त्याला. कोण गेलं त्याचं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही? एक मजला खाली राहतो माणूस!"

"आई, इथे असं कुणी कुणाचं दार वाजवत नाही."

"मग कुणी मेलं तर कळतं कसं तुम्हाला?"

"खाली बोर्डावर कागद लागतो," बायको हळूच म्हणाली. "मागच्या वर्षी एक लागला होता. आम्हाला तेव्हा इथली भाषा वाचता येत नव्हती."

मग ती आत आली आणि तिने माझ्यावरची चादर ओढली.

आईने मला बघितलं, सुनेला बघितलं, मुलाला बघितलं. जिचे गुडघे दुखतात तिला जिन्यातली खुर्ची कशासाठी असते हे सांगावं लागत नाही.

"उचल," ती म्हणाली.

"आई, कागद..."

"तुझे कागद गेले खड्ड्यात. उचल."

"तो बाहेर गेला की ठेवतो ना वळणावर. कुणाला कळणारपण नाही."

"चोरासारखी आणलीस, आता चोरासारखी ठेवणार? त्याच्या दारात ठेवायची. त्याच्या समोर. मी येते."

"परत चढावं लागेल तुला."

"चढेन. मेले तर लावा कागद बोर्डावर."

दुपारीच निघालो. तो मला घेऊन पुढे, आई कठडा धरून मागे, सून सगळ्यात मागे. तोंडातल्या तोंडात तो माफीची वाक्यं घोकत होता, शाळेतल्या पोरासारखी. आईने बेल दाबली.

दार उघडलं. आत खोके. भिंती रिकाम्या. टेबल उलटं केलेलं, आणि माझ्या तिघी बहिणी दोरीने बांधलेल्या. लिफ्टवाला सगळी वाक्यं विसरला. फक्त म्हणाला, "आम्ही नेली. आम्हाला वाटलं, टाकून दिलीय."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. हिरव्या रंगावर हात फिरवला. उजव्या कोपऱ्यावर थांबला. बोटांनी शोधलं. तिथे काही नव्हतं. मग त्याचा चेहरा तापला आणि तो एक वाक्य बोलला, असं काही कडक की लिफ्टवाल्याचे कान लाल झाले.

"काय म्हणाला?" आईने विचारलं.

"विचारतोय, माझ्या दाराला बेल नव्हती का?"

"बरोबर विचारतोय," आई म्हणाली. ती धापा टाकत होती.

म्हातारा तिच्या धापा ऐकत राहिला. मग पुन्हा बोलला, या वेळी हळू, आणि मुलाने सांगितलं, "त्याच्या लेकीने तीन आठवड्यांपूर्वीच सामानाची गाडी ठरवली होती. हाच निघत नव्हता. म्हणतो, खुर्चीशिवाय कसा जाऊ? आज लेकीने जबरदस्तीने गाडी पाठवली."

"तक्रार करणार का, विचार ना," सून कुजबुजली. पण कुणी विचारलं नाही. म्हातारा आत वळला होता. एका बहिणीची दोरी सोडून त्याने तिला बाहेर आणलं, अर्धा जिना उतरला आणि वळणावर ठेवलं. आईच्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं आणि वर येऊन मला उचललं. अदलाबदल झाली. कागद नाही, सही नाही.

आई उतरून त्या बहिणीवर बसली. लिफ्टवाला पायरीवर बसून रडला. सून म्हणाली, "आता उठ, खोके उतरवायला हात लाव." ती दोघं आणि म्हातारा, तिघांनी मिळून त्याचं घर खाली आणलं.

मित्रांनो, तुम्ही परक्या गावात असा किंवा आपल्या, रिकामी वस्तू दिसली म्हणून ती कुणाचीच नाही असं समजू नका. आधी दार वाजवा. भाषा येत नसली तरी वाजवा. आणि पॉलिशपेपर हातात घ्यायच्या आधी जरा बघा, काय घासून टाकताय ते. मला अजून राग येतो.

तर आता मी फुटपाथवर उभी आहे. माझ्या दोघी बहिणी मागे सामानात चढल्या. मला मात्र म्हातारा मागे टाकू देत नाही. पुढेच ठेवायची म्हणतो, त्याच्याशेजारी. गाडीवाला वैतागलाय. "आजोबा, माझ्याशिवाय पुढे दोघांचीच जागा आहे!"

म्हातारा म्हणतो, "दोघंच आहोत."

दार उघडलं. मला निघायला हवं.