अठरा तारखेची पट्टी

सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी चाचणी-मंचावर बांधलेलं इंजिन पेटलं. दोनशे सेकंद जळायचं होतं. नवव्या सेकंदाला संगणकानं झडपा बंद केल्या. कुणाला इजा झाली नाही.

सगळे नियंत्रण कक्षातून बाहेर पडले. तपासनीस बाई सगळ्यांत शेवटी निघाल्या. सगळेजण त्यांना भिंगवाल्या बाई म्हणत. आज एकानंही ‘काय बाई, भिंग कुठंय?’ म्हटलं नाही, आणि तेवढ्यानंच त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

रॉकेटचं इंजिन उडवण्याआधी असं जखडून जाळून बघतात. काम सांगायला सोपं आहे. इंधन आणि द्रवरूप ऑक्सिजन पंपानं एका बंद पात्रात ढकलायचे, तिथे ते जळतात, तापलेला वायू मागच्या तोंडातून प्रचंड वेगानं सुटतो आणि इंजिन पुढे रेटलं जातं. वर हवा नसते, म्हणून ऑक्सिजन बरोबर न्यावा लागतो. या इंजिनानं जो उपग्रह वर जायचा होता, तो समुद्रावरच्या वादळांवर नजर ठेवणार होता. बाईंचा नवरा मालवाहू जहाजावर होता, चार महिने बाहेर. त्यामुळे त्या उपग्रहाची वाट त्या जरा घरच्यासारखीच बघत होत्या.

बाईंचं काम एका काळोख्या खोलीतलं. खोलीचं दार कार्डानंच उघडे. ऑक्सिजनच्या वाटेवरचा प्रत्येक भाग धुऊन त्यांच्याकडे येई. जांभळ्या दिव्याखाली त्या तो आतून बाहेरून बघत. तेलाचा अंश असला तर तो निळसर चमकतो. स्वच्छ निघालेला भाग पिशवीत जाई, पिशवीच्या तोंडावर बाईंच्या सहीची कागदी पट्टी चिकटे. पट्टीवर भागाचा क्रमांक, तारीख आणि वेळ, जो पिशवी बांधेल तो लिही. जोडणी करणारा फिटर पट्टी सोडवून फाइलमध्ये लावी.

तिसऱ्या दिवशी इंजिन उघडलं. ऑक्सिजनच्या एका वाकड्या नळीत, आतल्या बाजूला, अंगठ्याएवढा जळका डाग होता. चौकशी समितीपुढे मुख्य अभियंत्यानं ती नळी ठेवली.

“तिथे ऑक्सिजनच होता ना?” प्रशासनातून आलेले साहेब म्हणाले. “मग जळला असेल.”

“ऑक्सिजन स्वतः जळत नाही, साहेब. तो दुसऱ्याला जाळतो. आत तेल, दोरा, बोटाचा चिकटा, काहीतरी होतं. एवढ्या ऑक्सिजनात पेटायला त्याला जरासा धक्का पुरतो.”

“म्हणजे नळी स्वच्छ नव्हती.”

“कागदावर होती,” अभियंता म्हणाला आणि फाइल बाईंपुढे सरकवली.

पट्टीवर सही त्यांचीच होती. तारीख अठरा, वेळ चार वाजून वीस मिनिटं.

बाईंनी ती दोनदा वाचली. अठराला तीन वाजता त्या सासूबाईंना घेऊन दाताच्या दवाखान्यात गेल्या होत्या. ही नळी त्यांनी पाहिलेलीच नव्हती. आकड्यांवरून लिहिणारा ओळखू येईना. इथे भरती होताना सगळ्यांना आकडे एकाच वळणाचे शिकवतात, साताला आडवी रेघ, शून्यात तिरपी. दीडशे माणसं एका हातानं लिहितात.

आणि सही? ती कशी आली हे बाईंना पुरतं माहीत होतं. खोलीत हातमोजे काढता येत नाहीत आणि हातमोज्यांनी पेनला शिवता येत नाही. काढले की पुन्हा हात धुवा, नवे चढवा, पाव तास गेला. म्हणून त्या रोज सकाळी वीस कोऱ्या पट्ट्यांवर सह्या करून गठ्ठा खणात ठेवत. सही आधी, तपासणी नंतर. चार वर्षं हेच चाललं होतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं.

जेवणाच्या सुट्टीत फोरमननं त्यांना जिन्याखाली गाठलं.

“बाई, सही तुमचीच ना?”

“सही माझी. वेळ माझी नाही.”

“मग वेळेचं बोलू नका. धुलाईत काही राहिलं असेल, दिव्याला दिसलं नसेल, समिती लिहून मोकळी होईल. त्या गठ्ठ्याचं निघालं तर मात्र तुम्ही घरी. आणि मी तुमच्या मागोमाग.”

“तुम्हाला माझी एवढी काळजी कधीपासून?”

“आज सकाळपासून,” फोरमन म्हणाला आणि हसला नाही.

संध्याकाळी वरच्या मजल्यावर राहणारा धाकटा दीर खाली जेवायला आला. तो त्याच कारखान्यात फिटर होता आणि ती नळी त्यानंच बसवली होती.

“काय गं, फुटलं का तुमचं ते?” सासूबाईंनी विचारलं.

“फुटलं नाही आई, थांबलं.”

“मग चांगलंय की. आपल्या मिक्सरलाही शिकवा तसं थांबायला.”

दीर ताटात बघत म्हणाला, “वहिनी, अठराला आईला घेऊन तुम्ही किती वाजता निघालात हो?”

बाईंचा हात थांबला. कोणती नळी जळाली आणि तिची पट्टी कोणत्या तारखेची, हे समितीबाहेर गेलेलं नव्हतं.

“का हो भावजी?”

“सहज. आईचे टाके कधी काढायचेत ते बघत होतो.”

“टाके कसले रे मेल्या?” सासूबाई म्हणाल्या. “नुसता दात उपटलाय त्यानं. टाका एक नाही.”

दिरानं पेला पुढे केला. बाईंनी त्याला पाणी वाढलं. तारीख याला फोरमननं सांगितली असेल. समितीकडे फाइल फोरमनच घेऊन गेला होता. किंवा कुणी सांगायची गरजच पडली नसेल.

“शुक्रवारी दुसऱ्या इंजिनाची चाचणी. मंचावर तुम्हीच ना?” बाईंनी विचारलं.

ऑक्सिजन भरताना गळती बघायला दोन फिटर मंचावर चढत. एक त्यांचा दीर.

“नाही. पाळी बदलून घेतलीय. पाठ धरलीय माझी.”

“कुणाशी बदललीत?”

“पैलवानाशी.”

पैलवान म्हणजे जेमतेम पन्नास किलोचा फिटर. दोन लहान मुली होत्या त्याला. बाईंनी ताट बाजूला सारलं. दुसऱ्या इंजिनाचे भाग त्याच आठवड्यात, त्याच खोलीतून गेले होते.

गुरुवारी सकाळी नऊला त्यांनी समितीचं दार वाजवलं.

“अठराला चार वाजता मी इथे नव्हते.”

“मग ही सही?” प्रशासनाच्या साहेबांनी विचारलं.

“सकाळची. कोऱ्या पट्टीवर.”

“असं किती वेळा केलंत?”

“रोज. चार वर्षं.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “याचा अर्थ कळतो ना बाई? नोकरीवर येईल.”

“कळतो. ते नंतर बघा. आधी उद्याचं इंजिन उघडा.”

“कुणी केलं असेल?”

बाईंच्या डोळ्यांसमोर दोन माणसं आली. एक फोरमन, एक घरातला.

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

दुपारी इंजिन उघडलं. फाइलमध्ये अठराच्या, तीन नंतरच्या दोन पट्ट्या निघाल्या. बाईंना दिवा धरू दिला नाही. त्या दाराशी उभ्या राहिल्या. पहिला भाग स्वच्छ होता. दुसऱ्यात, आतल्या बाजूला, बोटभर रुंदीची निळसर रेघ चमकली. अभियंत्यानं दिवा बंद करून पुन्हा लावला. रेघ तिथेच होती.

चाचणी रद्द झाली. पैलवान मंचाकडून परत येताना बाईंना म्हणाला, “उद्या मी घरीच, बायकोला दिवसभर माझी कटकट ऐकावी लागेल. तिला तुम्हीच समजवा.” मग त्यानं वळून मंचाकडे पाहिलं.

बाईंना घरी बसवलं आहे. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत गेला आहे. फोरमननं जबाब दिला की तारखेबद्दल तो कुणाशीही बोलला नाही. दिरानं जबाब दिला की तारीख त्याला फोरमनकडूनच कळली. दोन्ही जबाब शेजारी शेजारी लावले आहेत. दीर दोन दिवस खाली जेवायला आलेला नाही. सासूबाई त्याचं ताट झाकून ठेवतात.

सोमवारी फाटकाची आणि काळोख्या खोलीच्या दाराची नोंद संगणकातून छापून आली. बाई अठराला तीन वाजून पाच मिनिटांनी फाटकातून बाहेर पडल्या. नियमाप्रमाणे कार्ड त्यांनी तिथल्या खुंटीवर अडकवलं. चार वाजून बारा मिनिटांनी खोलीचं दार उघडलं, ते त्यांच्याच कार्डानं. पाच वाजता पाळी बदलली तेव्हा कार्ड खुंटीवर होतं, असं पहारेकरी सांगतो. मधल्या वेळात ते कुणी नेलं आणि कुणी परत ठेवलं, हे त्यानं पाहिलेलं नाही.