भाड्याचा उत्तररंग

नीलकंठाच्या दुकानावरून जावं लागू नये म्हणून देवदत्तबुवा स्नानाला लांबच्या गल्लीने जात. त्या गल्लीत शेण असे, सांड आडवा बसलेला असे, कचोरीवाल्याच्या तेलाचा धूर डोळ्यांत जाई. पण ते सगळं परवडलं, असं त्यांचं मत होतं. सांड निदान महादेवाचा. नीलकंठाचं दुकान कोणाचं, ते बुवा कीर्तनातच सांगत. कलीचं. दर वर्षी उत्सवात, पूर्वरंगात, निरूपण जरा जड झालं की बुवा थांबत, उपरणं झटकत आणि विचारत, कली राहतो कुठे? मग स्वतःच उत्तर देत की लांब जायला नको, ब्रह्मा घाटावरच चौथऱ्यावर दुकान थाटून बसलाय, टीव्ही भाड्याने देतो. सभामंडप हसे. शेवटच्या ओळीत खांबाला टेकून नीलकंठही हसे. कीर्तन त्याने कधी चुकवलं नव्हतं, आणि बुवांना तेच जास्त झोंबे. शिवी ऐकायला दर वर्षी वेळेवर येणाऱ्या माणसाला काय म्हणावं?

चांगल्या वैदिकाच्या पोटी जन्मलेला हा माणूस. संहिता तोंडात बसेना म्हणून पाठशाळा सोडली, चार वर्षं इकडेतिकडे केली आणि एक दिवस दुकानावर पाटी लावली, टीव्ही किराये पर. त्या काळी गल्लीत कोणाकडे टीव्ही असे? लग्न निघालं, क्रिकेटची मॅच आली, जावई आला, की लोक नीलकंठाकडे धावत. गल्लीत रिक्षा शिरत नसे, म्हणून रजईत गुंडाळलेला सेट हमालाच्या डोक्यावरून येई आणि मागून पोरांची वरात. कीर्तनकार दारात उभा राहिला तर ज्यांना पाट सरकवायचं सुचत नसे, ते गृहस्थ धोतर खोचून अँटेना फिरवायला गच्चीवर चढत. बुवांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यात एक न्यायशास्त्री होते. खालून बायको ओरडे, "आलं, आलं, आता हलू नका," आणि शास्त्रीबुवा चित्र नीट यावं म्हणून अँटेनेचा दांडा धरून उन्हात पुतळ्यासारखे उभे राहत. एवढं तप त्यांनी दुसऱ्या कशासाठी केल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

पुढे ज्याच्या त्याच्या घरी स्वतःचा टीव्ही आला. वस्तीतली भाड्याची बाकीची दुकानं बसली. एकात आता मोबाइलची कव्हरं मिळतात, दुसऱ्यात परदेशी लोकांना मातीच्या कुल्हडातून लस्सी. बुवांना वाटलं, सुटलो. पण कली असा मरतो थोडाच. नीलकंठाने भिंतीएवढे टीव्हीचे पडदे आणले. आता तो मॅचला, लग्नाला पडदे देतो, आणि घाटावरचे विधी कॅमेऱ्यातून परदेशी पाठवतो. यजमान अमेरिकेत सोफ्यावर बसून बापाचं पिंडदान बघतो आणि संकल्प चालू असताना उठून कॉफी आणतो. भटजीही आता दर्भ हातात घेतला की आधी कॅमेऱ्यात बघतात.

पण बुवांचा खरा राग याचा नव्हता. तो होता वडिलांसाठी.

वडिलांचं, बिंदुमाधवबुवांचं, कीर्तन रविवारी सकाळी असे. ऐन त्याच वेळेला टीव्हीवर पौराणिक मालिका सुरू झाली आणि सभामंडप ओस पडला. मग एका रविवारी लोकांनी पाहिलं तर नारदाच्या गादीजवळ, समईच्या शेजारी, नीलकंठाचा टीव्ही. कीर्तनाचे दोन भाग: पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. त्या दिवसापासून ठरलं की पूर्वरंग बिंदुमाधवबुवांचा, आणि उत्तररंग टीव्हीचा. मंडप पुन्हा भरला. तरुण देवदत्त झांजा घेऊन मागे उभा असे. वडील अभंगाचं चरण सोडवून सांगताहेत आणि श्रोते मनगटावरचं घड्याळ बघताहेत, हे त्याने वर्षभर पाहिलं. निरूपण संपता संपता कोणीतरी उठून बटण दाबे, सेट तापायला. जगातल्या कोणत्या गावाने आपल्या कीर्तनकाराला असं अर्ध्यात कापलं असेल? हा कट उत्सवाच्या मंडळींनी आणि नीलकंठाने मिळून केला, हे देवदत्ताने तेव्हाच ठरवून टाकलं. घरात टीव्ही येणार नाही, ही शपथही तेव्हाचीच. ती आजवर पाळली होती.

आणि आता आईनेच ती मोडायला काढली.

गंगाबाईंचं मांडीचं हाड मोडल्याला वर्ष झालं होतं. तिसऱ्या मजल्यावरची खोली, त्यापुढची गच्ची, तिथून दिसणारा गंगेचा तुकडा, एवढंच जग उरलं होतं. वैद्यांनी आणि डॉक्टरांनी, दोघांनी वेगवेगळ्या भाषेत सांगितलं होतं की पुढल्या उत्सवाची खात्री धरू नका. तर त्यांनी एका सकाळी औषध घेता घेता सुनेला, नंदाला, सांगितलं की यंदा मला दत्तूचं कीर्तन बघायचंय. नंदाने ते बुवांना सांगितलं. बुवांना गहिवरून आलं. त्यांनी लगेच खुर्ची, दोऱ्या आणि चार धडधाकट विद्यार्थी यांची व्यवस्था लावली. गंगाबाईंनी खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चौघांच्या खांद्यावरून मी एकदाच खाली जाणार. तेव्हा कीर्तन नको."

पुतण्या कुणाल तिथेच होता. तो रामनगरला बँकेत, रोज पुलावरून स्कूटरने जाणारा, उत्सवाचा चिटणीस, आणि बोलणं निम्मं हिंदी. तो म्हणाला की काका, इसमें क्या है, मंडपात कॅमेरा लावू, इथे आजीसमोर मोठा टीव्ही, बीचमें तार. फोनवर दाखवलं असतं, पण आजीला फोनवर माणूस मुंगीएवढा दिसतो. टीव्ही नीलकंठकाकांकडे आहे, भाड्याने.

आईचा चेहरा उजळलेला बुवांनी पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी कुणालला पाठवलं. कुणाल हात हलवत परत आला. नीलकंठाचा निरोप होता: टीव्ही देतो, पण त्या घरातून कर्ता माणूस स्वतः सांगायला येईल तेव्हा.

मग बुवा गेले. जवळच्या गल्लीने. जाताना त्यांनी अंगावर शाल घेतली, आपण याचकासारखे दिसू नये म्हणून.

नीलकंठ चौथऱ्यावर पान लावत बसला होता. केस सगळे गेलेले, पोट सुटलेलं, गळ्यात रुद्राक्ष. कलीला रुद्राक्ष शोभत नाही, असं बुवांच्या मनात येऊन गेलं.

"या, बुवा," तो म्हणाला. "कलीची पायरी जरा उंच आहे. जपून."

बुवांनी उभ्यानेच सांगितलं की आईसाठी टीव्ही हवा, एका दिवसापुरता, आणि जे काय भाडं होईल ते कुणाल देईल. नीलकंठाने मान डोलावली. मग उठून एका पडद्यावरची धूळ पुसली, दुसऱ्यावरची पुसली, आणि विचारलं की यातला कोणता? बुवा म्हणाले, कोणताही. भांडी थोडीच आहेत वाजवून घ्यायला.

"तुमचे वडील वाजवून घ्यायचे."

बुवांना नीट कळलं नाही.

"दर शनिवारी यायचे," नीलकंठ म्हणाला. "संध्याकाळच्या संध्येनंतर. दुकानातले सगळे सेट लावायला लावायचे. ज्याचा रंग खरा, तो उद्या मंडपात. मी म्हणायचो, बुवा, ब्लॅक अँड व्हाइट न्या, स्वस्त पडेल. तर म्हणायचे, देवाचं पीतांबर करडं दिसलं तर पाप तुझ्या माथी."

"मंडळींनी पाठवलं असेल त्यांना."

"मंडळी?" नीलकंठ हसला. "मंडळी भांडत होती त्यांच्याशी, गादीजवळ हा डबा ठेवू नका म्हणून. कल्पना त्यांची. अगदी पहिल्या दिवसापासून."

बुवांनी त्याच्याकडे, त्याच्या रुद्राक्षाकडे, त्याच्या पानाने लाल झालेल्या दातांकडे पाहिलं. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं. जन्मभर खोटी चित्रं विकणारा हा माणूस खोटं बोलायला कशाला कचरेल? तसं तोंडावर सांगून ते दुकानातून उतरले. मागून नीलकंठाने शांतपणे विचारलं, तार गच्चीवरून नेऊ की खिडकीतून?

घरी येऊन बुवा तडक वर गेले. आईच्या उशाशी बसले आणि त्या भामट्याने काय काय सांगितलं ते सगळं, चढ्या आवाजात, कीर्तनात खलपुरुषाचं बोलणं करतात तसं नक्कल करून सांगितलं. त्यांना वाटलं, आई संतापेल.

"खरंय ते," गंगाबाई म्हणाल्या.

"आणि तू मला कधी..."

"तू विचारलंस कधी? तू रागावलेला असायचास. वडिलांच्या वतीने रागावणं तुला बरं वाटायचं. ते स्वतः पहिल्या रांगेत मांडी घालून बसायचे आणि देव आला की टीव्हीला नमस्कार करायचे. रडायचे सुद्धा. म्हणायचे, मी पन्नास वर्षं शब्दांनी जे उभं करायला बघतो ते हे लोक बटण दाबून करतात, मग मी कशाला मध्ये येऊ."

आपल्या बापाची एवढी मानहानी आपल्या बापानेच केली असेल, हे बुवांना पटत नव्हतं; आणि ती त्याला मानहानी वाटलीच नसेल, हे तर त्याहून पटत नव्हतं. ते एवढंच म्हणाले की म्हणजे तुलाही तो डबा आवडायचा.

गंगाबाईंना दम लागत होता.

"दत्तू, कीर्तनाच्या वेळेला मी कुठे असायची?"

"स्वैपाकघरात."

"सगळ्याजणी. आरती झाली की नैवेद्य तयार हवा. पुरण वाटता वाटता भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा, तेवढंच माझं कीर्तन. टीव्ही आला तेव्हा पुरुषांनीच सांगितलं, बायकांनाही बघू दे, नैवेद्य तासभर उशिरा चालेल. टीव्हीसाठी देव थांबला. कीर्तनासाठी कधी थांबला नव्हता." त्यांनी उशी सरकवून घेतली. "ते गेले. त्यांना गादीवर उभं राहून बोलताना मी एकदाही पाहिलं नाही. नंतर तू उभा राहिलास, तेव्हाही चुलीपाशी मीच. चूल सांभाळायला नंदा आली तोवर माझे गुडघे गेले. आता निदान तुला बघू दे. कशातून का होईना."

बुवा उठले, गच्चीवर जाऊन उभे राहिले. खाली सभामंडपाचं शिखर दिसत होतं, हाकेच्या अंतरावर. दर वर्षी ते तिथे उभे राहून स्त्रीजन्माची थोरवी गात. बायकांच्या बाजूची रांग नेहमी विरळ असे, आणि बुवा त्याचंही खापर टीव्हीवरच फोडत.

उत्सवाच्या दिवशी सकाळी नीलकंठ स्वतः तार ओढायला आला. बुवांनी त्याला नमस्कार केला नाही. कॅमेरा समोर लावायचा नाही, देवाच्या आणि आपल्या मध्ये तो येता कामा नये, एवढं त्यांनी कुणालमार्फत बजावलं. मग कॅमेरा डाव्या हाताच्या खांबावर बसला. नैवेद्याचे लाडू हलवायाकडून आले होते, पहिल्यांदाच. मंडळींतल्या दोघांनी नाकं मुरडली. बायकांच्या बाजूला जागा पुरली नाही.

पूर्वरंग झाला. कली कुठे राहतो हा प्रश्न बुवांनी विचारलाच नाही, आणि लोक जरा हिरमुसले. बुवांना हार घातला, बुक्का लावला, गजर झाला. उत्तररंगात आख्यान लावलं होतं वनातून परत येणाऱ्या मुलाचं. आई वाट बघून थकलीये, दिसेनासं झालंय, आणि पाऊल वाजतं. बुवा त्या पावलापर्यंत आले. आवाज चांगला लागला होता. आता आई विचारणार, कोण आहे. तेवढ्यात दारात कुणाल दिसला. तो हात आडवे हलवत होता आणि वर बोट दाखवत होता. मग त्याने दोन्ही हात पसरून माकडासारखं ओढून दाखवलं. गच्चीवरची तार माकडांनी तोडली होती.

झांजवाला पुढच्या पदाची वाट बघत राहिला. कीर्तन सुरू झालं की आरतीपर्यंत कीर्तनकार गादी सोडत नाही, आणि आख्यान रंगात आलं की ते तोडत नाही. बुवांनी शिष्यांना हे शिकवलं होतं. राजा आला तरी थांबू नका, असं ते सांगत.

बुवा थांबले.

"म्हणा," ते म्हणाले, आणि त्यांनी चिपळ्या उचलल्या. "रामकृष्णहरी."

लोकांना वाटलं, क्षणभराचा गजर आहे. त्यांनी म्हटला. बुवांनी पुन्हा उचलला. लय वाढवली, उतरवली, पुन्हा वाढवली. पेटीवाला त्यांच्याकडे बघायला लागला. आख्यानातली ती आई दारात तशीच उभी राहिली आणि पाऊल हवेत. पुढच्या रांगेतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं. बुवांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी हात खिशात घातला. गजर चालूच राहिला. उघड्या दारातून समोरची गच्ची दिसत होती. तिथे एक टक्कल पडलेला म्हातारा कठड्यावर ओणवा होऊन, एका हातात काठी आणि तोंडात तारेचं टोक धरून, माकडांना अर्वाच्य शिव्या घालत होता. पडून मेला तर याचं पाप कोणाच्या माथी, असा विचार बुवांच्या मनात आला. मूर्ख माणूस. संहिता पाठ झाली नाही ती उगाच नव्हे. बुवांनी गजर आणखी एक पट्टी वर चढवला, त्याला वेळ मिळावा म्हणून.

बायकांच्या बाजूने आता मोठा आवाज येत होता. घसा बसायला आला होता, कपाळावरचा बुक्का घामाने ओघळला होता. मंडळींच्या अध्यक्षांनी पुढे येऊन हळूच विचारलं, बुवा, झालं काय, आख्यान विसरलात की काय? बुवांनी गजर न तोडता मान हलवली. अध्यक्ष म्हणाले, मग कोणासाठी थांबलाय? टीव्हीसाठी? ते त्यांनी हेटाळणीनेच विचारलं होतं, अगदी बुवांच्याच सुरात.

"हो," बुवा म्हणाले.

दारात कुणालने हात वर केला.

चिपळ्या मिटल्या. मंडप एकदम शांत झाला. बुवांनी कपाळ पुसलं, उपरणं सावरलं, आणि अध्यक्षांकडे, प्राध्यापकांकडे, अख्ख्या पहिल्या रांगेकडे पाठ करून ते डाव्या खांबाकडे वळले.

"कोण आहे?" त्यांनी आईच्या आवाजात विचारलं. आणि मग, स्वतःच्या आवाजात, "मी आहे, आई. दिसतोय का?"